नेदायबोर्श्च, दोन माणसं

आमच्या आडनावाला लोक हसतात. नेदायबोर्श्च, म्हणजे 'बोर्श्च देऊ नको'. बोर्श्च म्हणजे आमच्याकडचं रोजचं बिटाचं सूप. बावीस वर्षं मी वेरबोवे गावात पोस्टमास्तर होतो. कोणी नवा माणूस रजिस्टर पत्र न्यायला आला की टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचायचा, गालात हसायचा आणि हमखास विचारायचा, "मग काय, आज तरी मिळालं का?" जणू हा विनोद जगात पहिल्यांदा त्यालाच सुचला. मीही तेवढ्यापुरता हसायचो. मनात मात्र यायचं की याचं पुढचं पत्र दोन दिवस कपाटात पडू द्यावं. कधी पाडलं नाही, पण मनात यायचं. माझा स्वभाव कसा आहे ते आधीच कळलेलं बरं.

या हसण्यावर उपाय म्हणून मी आडनावाचा इतिहास शोधायला घेतला. पोस्टात असल्यामुळे पत्ते मिळवणं सोपं होतं. जुन्या टेलिफोनच्या याद्या, पेन्शनीची पाकिटं, दुसऱ्या गावच्या पोस्टमास्तरांशी ओळखी, असं करत करत एक्केचाळीस नेदायबोर्श्च सापडले. खार्कीवला सहा, क्रिवी रिहला चार, एक ल्वीवला, एक थेट कॅनडात. सगळ्यांना स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. बायको मोत्र्या म्हणायची, "सख्ख्या बहिणीला वर्षातून एक कार्ड टाकत नाहीस, आणि या एक्केचाळीस जणांना चार-चार पानं?" बहिणीचं आडनाव लग्नानंतर बदललं होतं, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

आडनावाची गोष्ट अशी. जुन्या काळी कोसॅक घोडेस्वारांच्या छावणीत आमचा मूळपुरुष ओव्राम आचारी होता. एकदा लढाईहून सैन्य परत आलं, दमलेलं, भुकेलं. कर्नल घोड्यावरून उतरला आणि तडक कढईपाशी येऊन पहिला वाडगा मागू लागला. ओव्राम हाताखालच्या माणसाला म्हणाला, "याला बोर्श्च देऊ नको. आधी पोरं जेवतील." कर्नलनं तलवारीला हात घातला, क्षणभर थांबला, आणि आचाऱ्याला मिठी मारली. तेव्हापासून आम्ही नेदायबोर्श्च. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की तो कर्नल मला दिसायला लागला, मिशांसकट. खरं सांगायचं तर आजोबांनी मला एवढंच सांगितलं होतं की आपल्यात कोणीतरी आचारी होता म्हणतात. कर्नल मी घातला.

दोन हजार अठराच्या ऑगस्टात मी सगळ्यांना घरी बोलावलं. सदतीस जण आले. अक्रोडाच्या झाडाखाली दारं आणि फळ्या जोडून लांबच लांब टेबल केलं. मोत्र्यानं तीन मोठ्या पातेल्यांत बोर्श्च रांधलं, लसणीचे पाव भाजले. मी पाच मीटरचा पांढरा रुश्निक आणून ठेवला होता. लग्नाला, मयताला आपल्याकडे लागतो तोच लांब टॉवेल, फक्त याच्यावर भरतकाम नव्हतं. प्रत्येकानं लाल दोऱ्यानं आपलं नाव त्यावर टाकायचं, अशी माझी कल्पना. पुरुषांनीसुद्धा सुई हातात धरली. बोटांना टोचून घेतलं, हसले, शिव्या दिल्या. तो रुश्निक मी नंतर बैठकीच्या कोपऱ्यात, देवांच्या तसबिरींवर घातला. अजून तिथंच आहे.

जेवणाआधी मी उभा राहिलो आणि ओव्रामची गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. मग खार्कीवहून आलेला देम्यान उठला. तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर कारखान्यात लेथवर उभा राहिलेला, हात फावड्यासारखे. शेजारी त्याची मुलगी रायसा, शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी, लग्न मोडून बापाकडे राहायला आलेली.

"आमच्या आजोबांनी वेगळंच सांगितलं होतं बुवा," देम्यान म्हणाला. "आपला मूळपुरुष जमीनदाराचे बैल राखायचा. एकदा त्याचा डोळा लागला आणि बैल गव्हात शिरले. जमीनदारानं फटके मारले नाहीत. स्वयंपाकिणीला म्हणाला, याला बोर्श्च देऊ नको. बस्स. वर्षभर. तो रोज वाडगा घेऊन रांगेत उभा राहायचा आणि रोज त्याच्यापुढून पळी निघून जायची. बाकीचे गडी मागच्या अंगाला जाऊन आपल्या वाडग्यातलं घोट-घोट त्याला द्यायचे. म्हणून तो जगला. म्हणून आपण सदतीस इथं बसलोय."

क्रिवी रिहच्या एका बाईनं डोळे पुसले. मग देम्याननं वाडगा पुढं केला, "म्हणून म्हणतो मोत्र्या, मला दोनदा वाढ. वर्षाचं राहिलंय." आणि सगळे असे हसले, असे हसले! त्या दुपारी पुढं कोणी कर्नलचं नाव काढलं नाही. जो तो देम्यानच्या वाडग्यात आपल्यातलं घोटभर ओतत होता. मीही हसलो. मनात मात्र सलत होतं. माझं घर, माझं टेबल, माझी इतक्या वर्षांची मेहनत, आणि हा लेथवाला येऊन आम्हा सगळ्यांना बैलराख्याची औलाद ठरवून गेला.

पुढच्या वसंतात मी पुस्तक छापलं. 'नेदायबोर्श्च: एका कुळाची कथा.' ओव्राम होता, कर्नल होता. बैलराख्या नव्हता. देम्याननं पत्र पाठवून विचारलं, तर मी लिहिलं, "पानं मोजकी होती, जागा उरली नाही." शेवटच्या पानावर मात्र जागा होती. तिथं मोठ्या टाइपात छापलं होतं: "ज्याचं आडनाव नेदायबोर्श्च, त्याला या घरी न विचारता ताट आणि न मागता अंथरूण." खाली माझा पत्ता आणि टेलिफोन नंबर.

पुढं सांगायचं ते सांगायला मला तीन वर्षं लागली.

दोन हजार बावीसचा मार्च. आमच्याकडे तोफा पोचल्या नव्हत्या, पण उत्तरेकडून आवाज यायचा. त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. मोत्र्या तळघरात बटाट्यांचे कोंब मोडत बसली होती. फोन वाजला.

"युखिमकाका? मी रायसा. खार्कीवची, देम्यानची मुलगी. आम्ही पोल्ताव्याच्या स्टेशनवर आहोत, बाबा आणि मी. आमच्या इमारतीला काल... काका, घर राहिलं नाही. तुमच्या पुस्तकावरून नंबर घेतला. पुस्तक तेवढं पिशवीत आलं."

मी बैठकीत उभा होतो. समोर देवांच्या तसबिरी, त्यांच्यावर रुश्निक. डावीकडून चौथं नाव रायसा, पाचवं देम्यान. देम्यानचं नाव वाकडं होतं, आणि त्याच्या बोटातून आलेल्या रक्ताचा तपकिरी ठिपका तिथं अजून होता.

मी म्हणालो, "कोण रायसा?"

का म्हणालो? या तीन वर्षांत मी स्वतःला बरीच कारणं दिली. म्हातारा आजारी असेल, आमच्या घरात मरेल. युद्ध किती चालेल कोणास ठाऊक, एकदा आलेली माणसं जाणार कधी? नुकतीच मागची खोली रंगवली होती. ही सगळी कारणं तेव्हा मनात होती, नाही असं नाही. पण सगळ्यांच्या आधी, फोन कानाला लावल्या लावल्या, मला आठवलं ते टेबल आणि ते हसणं. मनात आलं, आता बघू कोण कोणाकडे येतं ते. एवढंच. इतकी हलकी गोष्ट. आणि ती मनात आल्याबरोबर बाकीची कारणं तिच्या मदतीला धावून आली.

रायसानं पुन्हा सगळं समजावून सांगितलं. तिला वाटलं मी खरंच विसरलो. मग मी म्हणालो, "हां हां, आठवलं. अगं, पण घर भरलंय. सूमीहून सात जण आलेत. पाय ठेवायला जागा नाही."

"सात? बापरे!" ती म्हणाली. "बिचारे. नाही काका, मग नको. तुम्ही तरी किती करणार! बाबांना सांगते. मोत्र्याकाकूंना नमस्कार."

तिनं मला धीर दिला, फलाटावर उभ्या असलेल्या बाईनं! मी फोन ठेवला. मोत्र्यानं खालून ओरडून विचारलं, "कोण होतं रे?"

"राँग नंबर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या आवारात पिवळी बस येणार असं कळलं. खार्कीवची तेवीस माणसं वेरबोवेला वाटून दिली होती. सगळा गाव जमला. बायकांनी पातेली आणली होती, मोत्र्या पळी घेऊन वाढायला उभी होती. मीही गेलो. रिकाम्या हातानं नव्हे, दोन जुनी ब्लँकेटं घेऊन. सगळ्यांना दिसतील अशी छातीशी धरली होती.

गावचा मुख्य सावा पायऱ्यांवर उभा राहून यादी वाचत होता. नाव वाचायचा, कोणीतरी पुढं यायचं, "माझ्याकडे दे" म्हणायचं, आणि माणसं त्यांच्या मागून चालू लागायची. बैलबाजारात बोली लागते तसं चाललं होतं, फक्त कोणी पैसे विचारत नव्हतं.

"नेदायबोर्श्च, दोन माणसं!" सावा ओरडला, आणि यादीतून मान वर करून हसला. "अरे पोस्टमास्तर, ही तर तुझीच की रे! पुस्तकातली!"

लोक हसले, चांगल्या मनानं. त्या हसण्यातच मला गर्दीत ती दोघं दिसली. देम्यान खूप वाळला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हाताखाली टोपली, टोपलीत मांजर. रायसानं मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. ती सावाला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात, "नाही हो, काकांना नका त्रास देऊ. त्यांच्याकडे आधीच सूमीची सात माणसं आहेत. दुसरीकडे कुठं असेल तर बघा."

लोकांचं हसणं तिथंच थांबलं.

वेरबोवे एवढंसं गाव आहे. कोणाच्या कोंबडीनं कुठं अंडं घातलं ते लोकांना माहीत असतं. आमच्या घरी मी, मोत्र्या आणि चार खोल्या, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सावानं यादीत डोकं घातलं. कोणी माझ्याकडे बघेना. बघितलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर परवडलं असतं. रायसा एकेका चेहऱ्याकडे बघत गेली, आणि तिला कळायला लागलं. ते कळणं मी पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लाज मला वाटायला हवी होती, लाजली ती. इतक्या लोकांत माझं खोटं आपल्या तोंडून उघडं पडलं, म्हणून तिलाच अपराध्यासारखं झालं होतं.

मोत्र्याच्या हातात पळी तशीच राहिली.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. 'चला घरी' हे दोन शब्द. त्याऐवजी माझ्या तोंडून आलं, "ही ब्लँकेटं कुठं ठेवू?"

"ती मांजराला घाल!" आमची शेजारीण होरपिना गर्दीतून पुढं येत म्हणाली. होरपिना विधवा, तिच्या घराला दीड खोली आणि गळकं छप्पर. तिनं देम्यानच्या हातातली टोपली काढून घेतली. "चला आजोबा. माझ्याकडे जागा नाही, पण शेगडी चांगली आहे. मांजर उंदीर धरतं का?"

"जन्मात एक धरला नाही," देम्यान म्हणाला.

"मग शोभतंय आपल्या घराला. चला."

अशी ती दोघं आमच्या कुंपणापलीकडे राहायला आली. वीस पावलांवर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून होरपिनाचा ओटा दिसतो, आणि तिच्या ओट्यावरून माझी रंगवलेली मागची खोली दिसते, बंद पडद्यांची.

घरी आल्यावर मोत्र्यानं एकच विचारलं, "राँग नंबर?" मी मान खाली घातली. "या घरात आल्यापासून एक्केचाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले," ती म्हणाली, "की अहो, नुसतं नाव तसं आहे, माणसं तशी नाहीत. आता काय सांगू रे?" मग तिनं पातेलं उचललं आणि कुंपणापलीकडे गेली. त्या दिवसापासून ती रांधायची इथं आणि जेवायची तिथं. माझं ताट टेबलावर झाकून ठेवलेलं असायचं. त्यातही मला ती काही कमी वाढत नसे. निदान ते तरी करायला हवं होतं तिनं.

पंधरा दिवसांनी मी बटाट्यांचं पोतं खांद्यावर टाकून होरपिनाच्या अंगणात गेलो. देम्यान बाकावर उन्हात बसला होता, मांडीवर मांजर. रस्ताभर मी वाक्य जुळवत आलो होतो. पोतं खाली ठेवताना ते विसरलो.

"बस," तो म्हणाला.

बसलो. बगळे आले की नाही, सुला नदीला यंदा पाणी किती चढेल, असं काहीबाही बोललो. मग तो म्हणाला, "तुझं पुस्तक वाचलं मी, बरं का. फलाटावर वेळ होता. चांगलं लिहिलंयस. कर्नलच्या मिशा तर फारच छान."

"तुमची गोष्ट घ्यायची होती," मी म्हणालो. "जागा नव्हती."

देम्याननं माझ्याकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. खोकला येईपर्यंत हसला. "तुझ्याकडे जागेची फारच ओढाताण बाबा," तो म्हणाला. रागाचा अंश नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"आता या घरी," मी कसंबसं म्हटलं. "मागची खोली रिकामी आहे."

"आता कशाला. होरपिनाच्या शेगडीची सवय झाली. रायसा, पोतं आत घे गं, युखिमनं बटाटे आणलेत."

रायसा बाहेर आली. "आभारी आहे, युखिम ओपानासोविच," ती म्हणाली. बापाच्या नावासकट, सरकारी कचेरीत म्हणतात तसं. फोनवर मी काका होतो.

ती कधी मला वावगा शब्द बोलली नाही. रस्त्यात भेटली की मान लववायची. गावच्या शाळेत तिला ग्रंथालय लावायचं काम मिळालं. तिथं माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या, त्या तिनं नीट चिठ्ठी डकवून फळीवर लावल्या, असं मोत्र्यानं मला मुद्दाम सांगितलं. शेवटचं पान फाडलेलं असावं अशी मला आशा होती. फाडलेलं नव्हतं.

जूनमध्ये बटाटे फुलावर आले आणि देम्यान गेला. बाकावरच, दुपारी, मांजर मांडीवर असताना. मोत्र्या रडत घरी आली, काळा रुमाल घेतला आणि परत गेली. मी अंगणात नुसता फिरत होतो. जावं की जाऊ नये, जाऊन कुठं उभं राहावं, काही कळेना.

संध्याकाळी रायसा फाटकाशी आली. आत आली नाही.

"युखिम ओपानासोविच, एक विचारायचं होतं. उद्या खड्डा खणायचाय. गावातली खणणारी मुलं सगळी आघाडीवर आहेत. सावा आहेत, किंद्रात नावाचे गुरांचे डॉक्टर आहेत. तिसरं माणूस मिळत नाही."

आपल्याकडे रक्ताचा माणूस कबर खणत नाही, पेटीला खांदा देत नाही. ते परक्यांनी करायचं काम. घरच्यांनी पेटीमागून चालायचं. हे लहान पोरालाही माहीत असतं.

"होरपिनामावशी म्हणाल्या, आधी त्यांना विचार," रायसा म्हणाली. "तुमच्या पुस्तकात लिहिलंय की आपण सगळे एकाच ओव्रामचे. तसं असेल तर तुम्हाला खणता येणार नाही. मग मी सावांना दुसऱ्या गावात माणूस बघायला सांगते. तुम्ही सांगाल तसं."

तिचे डोळे सुजले होते. त्यांत मी टोमणा शोधला. शपथेवर सांगतो, नव्हता. ती खरोखर विचारायला आली होती. बापाची कबर रीतीप्रमाणे व्हावी एवढंच तिला हवं होतं.

इतकी वर्षं मी हेच सिद्ध करत होतो की आम्ही सगळे एका रक्ताचे. पत्रं लिहिली, वंशावळीचं झाड काढलं, फांद्या जोडल्या. आता एका माणसानं येऊन सरळ विचारलं होतं, तुम्ही आमचे का? 'हो' म्हणण्याइतकं सोपं काही नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर उद्या मी पेटीमागून चाललो असतो, पहिली मूठभर माती टाकली असती, सगळ्या गावानं पाहिलं असतं. मोत्र्या कदाचित परत माझ्यासमोर जेवायला बसली असती. तोंड उघडलं सुद्धा. पण स्टेशनवरून फोन आला तेव्हा परका झालो, आणि पेटीमागून मानानं चालायला मात्र घरचा होऊ? तेवढी हिंमत, किंवा तेवढा निर्लज्जपणा म्हणा, माझ्यात निघाला नाही.

"खणतो," मी म्हणालो.

"म्हणजे नातं नाही ना? मला नंतर मनाला लागून राहायला नको."

"नाही," मी म्हणालो. "नातं नाही."

तिनं मान हलवली. आपल्यावरचं एक ओझं कमी झालं असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

सकाळी सहाला आम्ही खणायला लागलो. वरची काळी माती मऊ होती, कमरेइतकं गेल्यावर पिवळी चिकणमाती लागली. मी सदुसष्टचा. सावा दोनदा म्हणाला, "पोस्टमास्तर, तू वर ये, दम खा." मी गेलो नाही. किंद्रातनं मला पाणी पाजलं. कोणी विचारलं नाही की तू इथं कसा. त्यांनाही कळलंच असणार.

पेटी आली. मागं रायसा होती. तिच्या दंडाला धरून, घरच्यांच्या जागी, मोत्र्या चालत होती. मोत्र्या लग्नानं नेदायबोर्श्च, तिला कोणी विचारलं नाही आणि तिनं कोणाला सांगितलं नाही, सरळ जाऊन उभी राहिली. रुश्निकांवरून पेटी खाली सोडायची होती. मी घरून निघताना तो पाच मीटरचा, नावांचा रुश्निक तसबिरींवरून काढला होता, घडी करून शर्टाच्या आत ठेवला होता. द्यावा, असं मनात होतं. पण होरपिनानं आपल्या लग्नातले दोन आणले होते, गुलाबांच्या वेलीचे. माझा आतच राहिला, घामानं भिजून. होरपिनाच्या एका रुश्निकाचं टोक माझ्या हातात होतं. देम्यान काहीच वजनाचा नव्हता.

घरच्यांनी मुठीनं माती टाकली. मग ते बाजूला झाले आणि बाकीची आम्ही तिघांनी फावड्यानं लोटली.

होरपिनाच्या अंगणात जेवण होतं. आधी मधातला गहू चमचा-चमचा, मग बोर्श्च. काटे नाहीत, नुसते चमचे, मयताच्या जेवणाला असतात तसे. मेलेल्याच्या जागी आपल्याकडे पेला आणि पावाचा तुकडा ठेवतात. रायसानं तिथं एक वाडगा आणून ठेवला. जरा थांबली, आत गेली आणि दुसरा आणून त्याच्याशेजारी ठेवला. लोकांना वाटलं चुकून ठेवला. मोत्र्यानं पदरासारखा रुमालाचा कोपरा तोंडात धरला. मला समोर बघवेना.

खणणाऱ्यांना घरच्यांच्या आधी वाढतात. रायसानं पळीनं ढवळून, तळातलं घट्ट माझ्या वाडग्यात घातलं. मी खाल्लं. चव चांगली होती. मोत्र्याच्या हाताचं, मला चवीवरून कळलं. रायसा पुन्हा आली, "आणखी घालू?" मी नको म्हणालो, तरी तिनं घातलं.

उठताना खणणाऱ्या तिघांना तिनं एकेक टॉवेल आणि एकेक पाव दिला. ती रीत आहे. परक्यानं आपलं काम केलं, तर त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. सावाला दिला, किंद्रातला दिला, मग माझ्यासमोर आली. दोन्ही हातांवर टॉवेल, टॉवेलवर पाव, आणि ती मोकळ्या मनानं, सगळ्यांसमोर म्हणाली:

"देव तुमचं भलं करो, युखिम ओपानासोविच. नात्याचे ना गोत्याचे, आणि एवढं केलंत."

मी टॉवेल घेतला. शर्टाच्या आत दुसरा होता.